कॅम्री: जुनी (एक्सव्ही५०) की नवी (एक्सव्ही७०)? मागच्या सीटवरून केलेली तुलना

सावकाश (धागाकर्ता)

मित्राने त्याची २०१८ ची टोयोटा कॅम्री हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली) विकायला काढली आहे. "आधी तू वापरून बघ, मग बोलू" म्हणून आठ दिवसांसाठी माझ्याकडे आणून लावली. आमच्याकडे २०१२ ची कॅम्री हायब्रिड आहे, म्हणजे बरोबर आधीची पिढी. त्यामुळे आठवडाभर दारात थोरली आणि धाकटी जाऊ शेजारीशेजारी उभ्या होत्या आणि मी एक दिवस हिला, एक दिवस तिला बाहेर काढत होतो. त्यातून जे जाणवलं ते लिहितो. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आधी नावांचा घोळ. २०११ मध्ये आलेली ती एक्सव्ही५०, २०१७ मध्ये आलेली ती एक्सव्ही७०. मधला ६० हा आकडा लेक्सस या टोयोटाच्याच महागड्या ब्रँडच्या ईएस गाडीला गेला. पुढचे सगळे आकडे अमेरिकी आवृत्तीचे आहेत, इतर देशांत इंजिनं आणि साजशृंगार थोडा वेगळा मिळतो.

चालवणाऱ्याच्या बाजूने बघाल तर प्रश्नच मिटतो. नवीत बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे बॉनेट. ते इतकं खाली गेलंय की रस्ता कितीतरी जवळून दिसायला लागतो. जुनीत वळण आलं की आधी स्टिअरिंग वळतं, मग गाडी विचार करते, मग अंग टाकते. नवीत हे सगळं एकदम होतं. माझ्या घरापासून मुख्य रस्त्याला लागताना एक इंग्रजी एस सारखं दुहेरी वळण आहे. जुनीत तिथे बाजूच्या सीटवरची फाइल हमखास खाली पडते, नवीत जागची हलली नाही. पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक जाऊन बटण आलं. रडारवरचा क्रूझ कंट्रोल आणि आपोआप लागणारा ब्रेक सगळ्या व्हेरिअंटना आला. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मनातल्या मनात गाडी घेऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांना मागे बसवलं.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे कुरकुरतात. जुन्या गाडीत त्यांची बसायची एक पद्धत ठरलेली आहे. दाराकडे पाठ करायची, एक हात दाराच्या कडेवर, आणि सरळ मागे टेकायचं. खुर्चीवर बसतात तसं. मग एकेक पाय आत. नव्या गाडीत त्यांनी सवयीने तसंच केलं आणि सीट अपेक्षेपेक्षा खाली निघाली. शेवटचे दोन-तीन बोटं अंतर ते बसले नाहीत, पडले. त्यात छताची मागची उतरण डोक्याला लागली. चष्मा नाकावरून घसरला. काही न बोलता चष्मा नीट केला, आणि उतरताना मात्र म्हणाले, "गाडी छान आहे. पण ही तुझी गाडी आहे, आमची नव्हे."

ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून कागदावरचे आकडे काढून बसलो. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २७७५ मिमीवरून २८२५ झाला, म्हणजे ५० मिमी वाढला. लांबीही वाढली. आता मागच्या प्रवाशाच्या पायांची जागा बघा: जुनीत ३८.९ इंच, नवीत ३८.०. कमी झाली! पुढच्यांची मात्र ४१.६ वरून ४२.१. एकूण उंची १४७० मिमीवरून १४४५. गाडी वाढली, आणि वाढलेलं सगळं पुढच्यांनी खाल्लं.

फॅमिली सेडानची तुलना जो तो स्टिअरिंगमागे बसून करतो. मागे बसणाऱ्यांना कुणी विचारत नाही, आणि फॅमिली तर मागेच बसते ना?

तेव्हा प्रश्न असा की मी फार भावुक होऊन विचार करतोय का? दोन्हीपैकी एक किंवा दोन्ही वापरलेल्यांनी लिहा.

घाटवळण

पहिला प्रतिसाद माझा!

घ्या हो नवी. जुनी कॅम्री म्हणजे चाकांवरचा दिवाणखाना. सोफा उत्तम, पण सोफा चालवायला कोणाला आवडतो? त्या काळात अकिओ टोयोडा अध्यक्ष होते आणि कंपनीच्या गाड्या चालवायला रटाळ आहेत हा शिक्का पुसायचा त्यांनी चंगच बांधला होता. त्याचं सगळ्यात ठळक फळ ही एक्सव्ही७०.

शक्य असेल तर व्ही६, म्हणजे सहा सिलिंडरचं मोठं इंजिन असलेली, बघा. जुनीत २६८ हॉर्सपॉवर, नवीत ३०१. पुढच्या पिढीत, म्हणजे २०२३ च्या शेवटी दाखवलेल्या एक्सव्ही८० मध्ये, व्ही६ गेलंच, आता फक्त हायब्रिड. म्हणजे तशी कॅम्री पुन्हा होणे नाही.

सावकाश

व्ही६ मध्ये बाबांना काय, वेगाने पडता येईल एवढंच.

पाना_पक्कड

धागाकर्त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण "पुढच्यांनी खाल्लं" हा निष्कर्ष अर्धाच. जरा गाडीखाली जाऊन बघू.

एक्सव्ही७० ही टीएनजीए या टोयोटाच्या नव्या पायावरची (गाडीच्या मूळ सांगाड्यावरची) गाडी. हा पाया आधी २०१५ च्या प्रियसमध्ये आला, त्याचा मोठा भाऊ कॅम्रीला मिळाला. त्यामागचा विचार सरळ आहे: जड ते सगळं खाली न्या. इंजिन खाली, बॉनेट खाली, माणसंही खाली. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते, मग स्प्रिंगा उगाच कडक ठेवाव्या लागत नाहीत. तुमची फाइल पडली नाही त्याचं कारण हेच. पण माणसाचं बूड खाली गेलं की त्याचे पाय पुढे लांब होतात. खुर्चीवर बसणं आणि पाटावर बसणं यात जो फरक, तोच. तेवढेच पाय मावायला जागा जास्त लागते. वाढीव व्हीलबेसचा काही भाग तिथे गेला असणार.

दुसरं, मागचं सस्पेन्शन. जुनीत मागेही स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा दांडा) होते, नवीत डबल विशबोन (चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन हात) आहे. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की जुनीत मागच्या माणसाला धक्क्यासोबत एक आडवा हिसका बसतो. नवीत चाक बऱ्यापैकी सरळ वरखाली होतं. बाबांना बसताना आणि उतरताना त्रास झाला हे कळलं. मधल्या तासाभरात काय वाटलं ते विचारलंत का? मागच्या सीटची परीक्षा दारातल्या दारात संपत नाही.

आता हायब्रिड, कारण तुमच्या दोन्ही हायब्रिड आहेत आणि खरी गंमत तिथेच आहे.

जुनीत निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे, म्हणजे डिकीत उभी. त्यामुळे पेट्रोल कॅम्रीची डिकी १५.४ घनफूट आणि हायब्रिडची १३.१. नवीत बॅटरी सीटखाली गेली आणि डिकी १५.१ झाली. शिवाय नवीच्या एलई व्हेरिअंटमध्ये लिथियम-आयन बॅटरी आहे. एसई आणि एक्सएलईत मात्र २०१८ साली निकेलवालीच होती. मित्राची कोणती ते बघून घ्या, कारण मायलेजमध्ये तो फरक दिसतो. एलईचा अधिकृत एकत्रित आकडा ५२ मैल प्रति गॅलन, इतर दोघींचा ४६. तुमच्या २०१२ एलईचा ४१.

इंजिनही तेच नाही. आकार दोन्हीकडे अडीच लिटर, पण नव्याचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) १४:१ आणि औष्णिक कार्यक्षमता ४१ टक्के. (जुन्या हायब्रिडचा रेशो १२.५:१ होता.) म्हणजे पेट्रोलमधल्या उष्णतेच्या शंभरातले ४१ भाग कामी येतात, बाकीचे अजूनही रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जातात. ऐकायला निम्म्याहून कमी वाटतं, पण रोजच्या गाडीतल्या पेट्रोल इंजिनासाठी हा आकडा फार मोठा आहे. एकूण ताकद मात्र २०० हॉर्सपॉवरवरून २०८. सगळी मेहनत जोरासाठी नाही, थेंब वाचवण्यासाठी.

नवी घेतलीत तर एक लक्षात ठेवा. मागच्या सीटच्या खालच्या बाजूला एक जाळी आहे. बॅटरीला थंड हवा तिथून मिळते. त्यात एक छोटा फिल्टर असतो, तो अधूनमधून काढून साफ करायचा. जाळीसमोर घोंगडी, पिशव्या, चपला कोंबायच्या नाहीत.

रात्रपाळी

पाना_पक्कड यांनी मायलेज सांगितलं, टाकी सांगितली नाही. जुन्या हायब्रिडची टाकी १७ गॅलन (६४ लिटर), नवीची १३.२ (५० लिटर). बॅटरी सीटखाली आली म्हणजे कुणीतरी जागा सोडली असणारच.

हिशेब करून बघा. ४१ मैल प्रति गॅलन म्हणजे लिटरला १७.४ किमी. गुणिले ६४, साधारण ११०० किमी. ५२ म्हणजे लिटरला २२.१. गुणिले ५०, पुन्हा साधारण ११०० किमी! टाकी पाचव्या हिश्शाने लहान झाली आणि पल्ला तिथेच राहिला. मला हे फार आवडलं. मी रात्री लांब जातो, त्यामुळे पंप कधी येणार हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा विषय.

अवांतर: कॅम्री हे नाव 'कानमुरी' या जपानी शब्दावरून आलंय. अर्थ मुकुट. डोक्याला छत लागलं म्हणणाऱ्या बाबांना सांगा.

स्टेपनी

धागा वाचतेय. एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहिते.

एक्सव्ही५० म्हणजे नक्की कोणती? २०१५ मॉडेलच्या वेळी तिचं जे काही झालं त्याला फेसलिफ्ट म्हणणं म्हणजे घर पाडून बांधल्यावर रंगरंगोटी म्हणण्यासारखं. बाहेरच्या पत्र्यात जवळपास फक्त छत जुनं ठेवलं. त्यामुळे २०१२ आणि २०१७ ची कॅम्री एकाच नावाखाली मोजू नका.

आणि हा फरक फक्त दिसण्याचा नाही. आयआयएचएस ही अमेरिकी विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी संस्था. तिने २०१२ मध्ये एक नवी चाचणी सुरू केली, स्मॉल ओव्हरलॅप. गाडीच्या रुंदीच्या फक्त पाव भागाने, चालकाच्या बाजूने, ताशी ६४ किमी वेगाने एका न हलणाऱ्या अडथळ्यावर धडक. म्हणजे समोरून येणाऱ्याला चुकवताना कोपरा झाडावर बसावा तशी. त्यात पुढचे मुख्य आधार वाचतात आणि सगळा मार चाक, दाराचा खांब आणि चालकाच्या पायांवर येतो. २०१२ च्या कॅम्रीला त्यात 'पुअर' मिळालं. पुढे बदल केल्यावर २०१५ च्या मॉडेलला 'गुड' मिळालं, आणि एक्सव्ही७० लाही 'गुड'.

सावकाश, तुमची २०१२ ची आहे. बाबा मागे आरामात बसतात हे मान्य. पण त्या गाडीत पुढे कोण बसतं? तुम्ही. तुमचे पाय शाबूत राहणं ही बाबांचीही सोय आहे. दहा एअरबॅग दोन्हीत आहेत, तरी गाडीचा सांगाडा आणि आपोआप लागणारा ब्रेक यांची भरपाई उशीने होत नाही.

घाटवळण

स्टेपनी यांना +१००. तो पुअर माझ्या लक्षातच नव्हता.

सावकाश

स्टेपनी, खरं सांगू? मलाही माहीत नव्हता. रात्री त्या चाचणीचं चित्रण शोधून पाहिलं. चाक आत कसं सरकतं ते दोनदा पाहिलं आणि मग बंद केलं. धागा काढला होता गुडघ्यांसाठी, पण आता वेगळेच गुडघे दिसायला लागले.

पाना_पक्कड, तुमच्या सांगण्यावरून बाबांना आज नव्या गाडीत तासभर फिरवलं. मुद्दाम खराब रस्त्यावरून नेलं. अर्ध्या वाटेत त्यांना डुलकी लागली. जुनीत ते कधी झोपत नाहीत, सारखं दाराचं हँडल धरून बसतात. म्हणजे तुमचा आडवा हिसका खरा. पण उतरताना पुन्हा तेच. मी दोन्ही हात दिले तेव्हा उठले, आणि हात द्यावे लागले हे त्यांना आवडलं नाही.

शिवाय डिकी! जुनीत बाबांचा घडीचा वॉकर आडवा टाकला की बॅगांना जागा उरत नाही, बॅटरीचं ते उभं खोकं आडवं येतं. नवीत वॉकर आत गेला, वर दोन बॅगा बसल्या, आणि झाकण एका हाताने लागलं. हा मुद्दा मी आधी लिहायला हवा होता.

रात्रपाळी

थोडं जुनीच्या बाजूनेही कुणी बोला की. माझी २०१३ ची पेट्रोल एक्सव्ही५० आहे. तिचं इंजिन साधं, पेट्रोल पोर्टमध्ये (व्हॉल्व्हच्या आधीच्या हवेच्या वाटेत) फवारणारं. त्यामुळे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुऊन निघतात आणि त्यांच्यावर काजळी साचत नाही. नुसत्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनांना ती कटकट असते.

पाना_पक्कड

बरोबर, पण एक्सव्ही७० च्या अडीच लिटरमध्ये दोन्ही प्रकारचे इंजेक्टर आहेत, पोर्टचेही आणि डायरेक्टचेही. म्हणजे व्हॉल्व्ह धुतले जाण्याची सोय तिथेही आहे.

तुम्ही म्हणता तो साधेपणा खरा आहे, तो मी दुसरीकडे बघतो. नवीत ऑइल ०डब्ल्यू-१६ लागतं, पाण्यासारखं पातळ. एका गॅरेजवाल्याने माझ्या ओळखीच्यांना "एवढं पातळ कुठे असतं का, मी चांगलं जाड टाकलंय" म्हणून अभिमानाने बिल दिलं होतं! जुनी गाडी असल्या लाडांना पुरून उरते. नवीचं पुस्तक वाचावं लागतं.

नुसताच_वाचक

इथे वर्षानुवर्षं वाचते, लिहितेय पहिल्यांदा. गाड्यांमधलं मला काही कळत नाही, पण सासूबाईंना चार वर्षं गाडीत बसवलंय आणि उतरवलंय, त्यामुळे तेवढं सांगते.

एक, त्यांना मागे बसवूच नका. पुढे बसवा. पुढचं दार मोठं उघडतं, छताची उतरण तिथे नसते, आणि सीट पूर्ण मागे सरकवली की पाय फिरवायला जागा मिळते. तुम्हीच लिहिलंय की पुढे जागा वाढली आहे. मग ती ज्याला गरज आहे त्याला द्या की!

दोन, कापडी सीटवर अंग सरकत नाही. सीटवर एक मोठी, गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी पसरा. आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र धरून अख्खं अंग फिरवायचं. भोवरा फिरतो तसं, सहज. गाडी सुरू करण्याआधी मात्र पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. आम्हाला हे फिजिओथेरपीवाल्या बाईंनी शिकवलं.

तीन, गाडी फुटपाथला चिकटून उभी करू नका. फुटपाथवरून बसायला गेलं की सीट आणखी चार-पाच इंच खाली जाते. हातभर अंतर सोडा आणि त्यांना रस्त्याच्या पातळीवर उभं राहून बसू द्या.

हात देण्याबद्दल: आमच्याकडे मी हात पुढे करायचे नाही. नुसती दारापाशी उभी राहायचे, पर्समध्ये काहीतरी शोधत. लागला तर त्या धरायच्या.

स्टेपनी

नुसताच_वाचक, इतकी वर्षं का लिहीत नव्हता हो तुम्ही?

पाना_पक्कड

फुटपाथचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. आम्ही २५ मिमीवर भांडतोय आणि तुम्ही १०० मिमी नुसत्या गाडी उभी करण्यात मिळवून दिलेत. दंडवत.

घाटवळण

मग ठरलं का? आठ दिवस संपले ना?

सावकाश

संपले. सांगतो.

मित्राची गाडी एलई निघाली, म्हणजे लिथियमवाली. शनिवारी सकाळी बाबांना म्हटलं, आज पुढे बसा. नको म्हणाले, पुढे तुझी बायको बसते. ती आधीच मागे जाऊन बसली होती. गाडी फुटपाथपासून हातभर लांब लावली, सीट मागे सरकवली, पिशवी पसरली. बाबांनी पिशवीकडे संशयाने पाहिलं, पाठ केली, टेकले आणि गर्रकन फिरून आत! स्वतःच हसले. पुन्हा उतरून एकदा करून पाहिलं. मी त्या वेळी खिशात किल्ली शोधत होतो.

गाडी घेतली. जुनी विकताना चाचणीचा निकाल घेणाऱ्याला स्पष्ट सांगणार आहे, स्टेपनी यांनी मला सांगितला तसा.

पहिल्याच दिवशी एक अडचण आली. बाबा पुढे, सीट पूर्ण मागे, त्यांच्या मागे आई. आईची एक कापडी पिशवी असते, ती कुठेही जाताना पायाशी लागते. ती नेमकी त्या जाळीला टेकवून ठेवलेली. मी म्हटलं, "आई, तिथे नको ठेवूस, बॅटरीला हवा लागते."

"आणि मला?" म्हणाली.

पिशवी आता डिकीत वॉकरशेजारी असते. दर अर्ध्या तासाने गाडी थांबवून तिला त्यातलं काहीतरी काढून द्यावं लागतं.